डावा पांढरा, उजवा पिवळा

दरजीपुऱ्याच्या आरटीओत सकाळी साडेदहाला
राठवासाहेबांनी माझ्या गाडीकडे समोरून पाहिलं,
फळ्याजवळ बोलावलेल्या मुलाकडे मास्तर पाहतात तसं.
"लाइट करो, काका."
केले.
उन्हात काही कळेना. त्यांनी फायलीची सावली धरली
आधी डाव्यावर, मग उजव्यावर,
आणि फॉर्मवर तिथल्या तिथे फुली मारली.
"एक आंख आजनी, एक गई कालनी. नहीं चाले."

पंधरा वर्षांची वॅगनार. मी घेतली तेव्हा अकराची,
कारेलीबागेतल्या मजमुदारांकडून.
त्यांनी सीटवरची प्लास्टिकंसुद्धा काढली नव्हती.
म्हणाले होते, एक ओरखडा दाखवा, पाचशे कमी करतो.
मी ओरखडे शोधत बसलो.
भर दुपारी दिव्यांकडे कोण बघतं?

रात्री कंपाउंडच्या भिंतीवर दोन्ही पाडून पाहिले.
डावा दवाखान्यातल्या ट्यूबसारखा.
उजवा जुन्या तुपासारखा, काचेच्या कडेला जरा शेवाळ.
वृंदा म्हणाली, रोज याच भिंतीवर पडतात, दिसलं नाही तुम्हाला?
दिसलं होतं.
मला वाटलं माझ्या डोळ्यांमुळे.
मार्चमध्ये डावा केला, उजवा व्हायचाय.
डाव्याने दूध दूध दिसतं,
उजव्याने, चहा करायला घेतल्यासारखं.

मजमुदारांना फोन लावला. पाचशे मागायला नाही.
बराच वेळ नुसता त्यांच्याकडचा पंखा ऐकू येत राहिला.
मग म्हणाले, रोझडं होतं.
पादऱ्याच्या रस्त्यावर, लग्नाहून येताना.
थांबलं, आमच्याकडे बघितलं, आणि मग आलं.
हिनं दोन महिने पुढे बसणं सोडलं.
दिवा मी बदलून घेतला. तुम्हाला सांगायला हवं होतं.
मी म्हटलं, हो, हवं होतं.
ठेवता ठेवता विचारलं, जगलं का ते?
"तुरीत गेलं. लंगडत."

वारसियात हेमनदासच्या शेडमध्ये नुसते दिवे,
भिंतभर, गाड्यांशिवाय.
नवी जोडी बेचाळीसशे, तो म्हणाला.
नाहीतर डावा जुना शोधू, पण याच्याइतकाच जुना पाहिजे,
याच्याइतकाच उन्हात उभा राहिलेला.
पोत्यातून एकेक काढून तो माझ्या उजव्याशेजारी धरत गेला,
मॅचिंग सेंटरात साडीला ब्लाउजपीस लावून बघतात तसा.
फार कोरा.
फार गेलेला.
हा सुरतेचा, पुरातला, आत अजून पाणी आहे बघा, हलवून दाखवलं.
अकराव्याला थांबला.
गोध्र्याची गाडी. मागून ठोकली होती, पुढचं सगळं शाबूत.
साडेसहाशे, फिटिंगसकट.

राठवासाहेबांनी पुन्हा फाइल धरली.
या खेपेला जरा जास्त वेळ, असं मला वाटलं.
"हं. हवे भाई-भाई लागे छे."
शिक्का. पाच वर्षं.
पांढरा दिवा वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकला.
हेमनदास दोनशे देत होता त्याचे. का नाही दिला कोण जाणे.
आता दोन्ही सारखेच.
म्हणजे सारखंच कमी दाखवतात.

परवा पादऱ्याला वृंदाच्या भाचीचं लग्न होतं.
परतताना मी तीसच्या वर गेलो नाही.
ती पुढेच बसली होती, चपला काढून, पाय वर घेऊन,
मानपानातल्या चुका मोजत.
रोझड्याचं मी तिला अजून सांगितलेलं नाही.
सांगेन, घरी पोचल्यावर, असं दर मैलाला ठरवत होतो.
अचानक म्हणाली, डावीकडे काहीतरी हललं.

मी गाडी बाजूला घेतली.
दिवे तसेच ठेवले.
तूर उभी होती, दोन्ही बाजूंना एकाच रंगाची.
आम्ही बघत बसलो.
काही आलं नाही.
तरी जरा वेळ तसेच बसलो.